जमिनीपासून वीतभर उंचीवरची हवा

बालवाडीची खोली बघायला मोठी माणसं जातात तेव्हा दारात उभी राहून बघतात. भिंतीवरची चित्रं, बुटक्या खुर्च्या, पुसून लख्ख केलेली फरशी. एक श्वास घेतात, नाकाला काही खटकलं नाही की ‘हवेशीर आहे’ म्हणून मोकळी होतात. यात दोन घोटाळे आहेत. एक तर ते नाक जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर आहे, आणि ज्यांच्यासाठी खोली बघायची त्यांचं नाक असतं वीतभर ते दोन हात उंचीवर. दुसरं, हवा तपासायचं साधन म्हणून नाक अगदीच कुचकामी. काही मिनिटांत ते वासाला सरावतं आणि गप्प बसतं.

आधी उंचीचं बघू. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी फिनलंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर एक रांगणारं यांत्रिक बाळ बनवलं. घरांतून वापरात असलेले गालिचे आणले, त्यांच्यावर ते बाळ रांगवलं आणि त्याच्या नाकाच्या जागी हवेत काय काय येतं ते मोजलं. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रांगताना हातापायांच्या हालचालीनिशी गालिच्यातली धूळ उडते आणि बाळाभोवती तिचा ढगच तयार होतो. त्यात त्वचेच्या खपल्या, जिवाणू, परागकण, बुरशीचे बीजाणू, सगळं आलं. बाळाच्या नाकापाशी या कणांचं प्रमाण खोलीतल्या वरच्या हवेच्या वीसपटीपर्यंत गेलं होतं. त्याच गालिच्यावरून चालत जाणाऱ्या मोठ्या माणसाच्या तुलनेत, वजनाच्या हिशोबाने, बाळाच्या श्वासातून चौपट मात्रा आत गेली.

म्हणजे एकाच खोलीत, एकाच वेळी बाई एक हवा घेत असतात आणि त्यांच्या पायाशी खेळणारं मूल दुसरीच.

त्यात लहान मुलाचं शरीर हवेच्या बाबतीत मोठ्या माणसाची छोटी प्रत नसतं. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो; तीन वर्षांचं मूल २० ते ३०. वजनाच्या प्रमाणात बघितलं तर लहान मूल साधारण दुप्पट हवा आत ओढतं. नाक चोंदलेलं असलं की तोंडाने ओढतं, मग नाकातली गाळणीही चुकते. शिवाय फुप्फुसं अजून तयार होत असतात. ज्या सूक्ष्म फुग्यांत प्राणवायू रक्तात मिसळतो ते वायुकोश जन्माच्या वेळी काही कोटीच असतात, मोठेपणी ३० कोटींच्या वर जातात. ही वाढ बरीचशी पहिल्या काही वर्षांत होते, म्हणजे नेमकी पाळणाघर-बालवाडीच्या वयात. इमारतीचं बांधकाम चालू असताना सिमेंटमध्ये माती मिसळावी, तसं काहीसं.

श्वासनलिकेचं गणित तर अंगावर येणारं आहे. नळी जितकी अरुंद तितकं तिच्यातून हवा ढकलणं अवघड, हे उघडच आहे. पण किती अवघड? त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. आता समजा, धुराने किंवा सर्दीने नळीच्या आतल्या अस्तराला चारी बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली. मोठ्या माणसाची आठ मिलिमीटर रुंदीची नळी सहाची होईल आणि विरोध तिपटीने वाढेल. तो खोकेल, कुरकुरेल, कामाला जाईल. बाळाची चार मिलिमीटरची नळी दोनची होईल, आणि विरोध सोळापट. सूज तेवढीच, पण बाळाची छाती आत ओढली जायला लागते. ‘एवढ्याशा धुराने काय होतंय’ असं म्हणणाऱ्या माणसाची स्वतःची नळी आठ मिलिमीटरची असते, हे लक्षात ठेवावं.

धुळीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर लोक उद्यापासून मुलांना मातीत खेळू देणार नाहीत. सगळी धूळ सारखी नसते. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून पसरली, मुलांना २८ दिवस त्यात खेळू दिलं. तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांवरचा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली प्रतिकारशक्तीची लक्षणं सुधारली. खुद्द यांत्रिक बाळवाल्या संशोधकांनीही बजावून ठेवलंय की लहानपणी काही सूक्ष्मजीवांची ओळख होणं फायद्याचं असू शकतं. तेव्हा बाहेरच्या जिवंत मातीशी भांडण नाही. भांडण आहे ते आतल्या धुळीशी: चपलांबरोबर आलेली रस्त्याची काजळी, जुन्या रंगाच्या पापुद्र्यांतलं शिसं, प्लॅस्टिक मऊ करायला घातलेली रसायनं. शिशाचं सुरक्षित म्हणावं असं कोणतंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि लहान मूल ही धूळ नुसती हुंगत नाही; हात फरशीवर, मग तोंडात, असं दिवसभर चालू असतं.

म्हणून कोरडा झाडू मारणं हा लहान मुलांच्या खोलीतला सगळ्यात निरुपयोगी उद्योग आहे. जाड कचरा जातो, बारीक धूळ हवेत उडते आणि पुढचा कितीतरी वेळ हळूहळू खाली बसत राहते. मुलं यायच्या दहा मिनिटं आधी झाडलं तर ती नेमकी त्या वर्षावात येऊन बसतात. ओल्या फडक्याने पुसायचं, तेही आदल्या संध्याकाळी. चपला-बूट दाराबाहेर. गालिचा हवाच असेल तर लहान, उचलून धुता येईल असा. एवढ्याने जे साधतं ते महागडं यंत्र आणूनही साधेलच असं नाही.

आता हवेच्या शिळेपणाकडे. शब्द अन्नाचा आहे, पण इथेही चपखल बसतो.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. याला ४२० पीपीएम म्हणतात. आपण सोडलेल्या श्वासात तो सुमारे ४०,००० पीपीएम असतो. खोलीतला आकडा ४२०च्या जितका वर, तितका त्या हवेत इतरांनी सोडलेल्या श्वासाचा वाटा जास्त. ही युक्ती जुनी आहे. म्युनिकचा आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर याने १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की राहत्या खोलीत हा वायू हजारात एका भागाच्या, म्हणजे १००० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये. तो स्वतः तेवढ्या प्रमाणात विषारी नाही, पण खोलीची हवा बिघडल्याचा तो दर्शक आहे. याच पेटेनकोफरने म्हातारपणी, कॉलरा जंतूंनी होतो हे न पटल्यामुळे, १८९२ मध्ये कॉलराच्या जंतूंचं द्रावण सगळ्यांदेखत पिऊन दाखवलं. वाचला. जंतूंबद्दल त्याचं चुकलंच, पण खोल्यांबद्दलचं त्याचं म्हणणं अजून उभं आहे.

हिशोब करून बघू. बालवाडीची निजण्याची खोली, आठ मीटर लांब, सहा रुंद, तीन उंच. आतली हवा १४४ घनमीटर. दुपारी वीस मुलं झोपली आहेत, दोन मोठी माणसं जागी आहेत. झोपलेलं तीन-चार वर्षांचं मूल तासाला साधारण सहा-सात लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, बसलेला मोठा माणूस सोळाच्या आसपास. सगळे मिळून तासाला १६० लिटर. झोप मोडू नये म्हणून दार लावलंय, पडदे ओढलेत, खिडक्या बंद. हवा कुठूनच हलली नाही असं धरलं तर तासाला अकराशे पीपीएमची भर पडते. ४२०ने सुरुवात केली. तासाभराने पंधराशेच्या वर, दोन तासांनी २६००. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सांध्यांतून थोडी गळती होते, म्हणून आकडा यापेक्षा कमी भरतो. पण नवी, घट्ट बसणाऱ्या खिडक्यांची इमारत असेल तर फार कमी भरत नाही.

२६०० पीपीएमचा अर्थ काय? त्यातून बाहेरच्या हवेतले ४२० वजा करा आणि उरलेल्याला श्वासातल्या ४०,०००ने भागून बघा. मुलाच्या दर अठरा श्वासांत एक श्वास आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. मिनिटाला वीस-पंचवीस श्वास, तेव्हा दर मिनिटाला एक तरी. आणि बाहेरून बघणाऱ्याला खोलीत काय दिसतं? शांतता. सगळी मुलं गाढ झोपली आहेत, छानच चाललंय. दिवसातली सगळ्यात शिळी हवा आणि सगळ्यात शांत वेळ एकच असते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

एवढ्या कार्बन डायऑक्साइडने मुलांना काही होतं का? त्याने डोकं जड होतं, लक्ष लागत नाही असे प्रयोग झाले आहेत, तसे काहीच फरक न दिसलेले प्रयोगही आहेत. मी त्यावर फार भर देणार नाही. मला काळजी वाटते ती त्या उसन्या श्वासाबरोबर येणाऱ्या इतर गोष्टींची. बोलताना, रडताना, शिंकताना, नुसता श्वास सोडतानाही सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. बारीक थेंब खाली न पडता तासन्‌तास तरंगतात. गोवराचा विषाणू तर माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराजवळच्या एका शाळेत दुसरीतल्या एका मुलीकडून २८ मुलांना गोवर झाला. ती मुलं १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती, बरीचशी तिच्याबरोबर कधी एका खोलीत बसलीही नव्हती. इमारतीची वायुवीजन यंत्रणा तीच ती हवा खोल्याखोल्यांतून फिरवत होती.

पाळणाघरात घातल्यावर पहिल्या वर्षी मूल सारखं आजारी पडतं हे सगळ्या आईबापांना ठाऊक असतं. वर्षाला सहा-आठ सर्दी-खोकले हे त्या वयात नेहमीचंच. सगळे टाळता येणार नाहीत, टाळूही नयेत कदाचित. पण आपण खेळणी धुतो, हात धुतो, टेबलं पुसतो, आणि जिथून बराचसा व्यवहार चालतो ती हवा तशीच ठेवतो, हे काही पटत नाही.

वर हिशोबाला घेतलेली खोली ८०० पीपीएमच्या आसपास ठेवायची तर तासाला साधारण तीन वेळा खोलीभर ताजी हवा यायला हवी. इथे एक गंमत आहे. ‘खोलीभर हवा बदलली’ म्हणजे जुनी सगळी गेली असं नव्हे, कारण नवी हवा जुनीला ढकलून बाहेर काढत नाही, तिच्यात मिसळते. खोलीभर ताजी हवा एकदा आली तर जुनी ३७ टक्के उरते, दोनदा आली तर १४, तीनदा आली तर ५. म्हणून मुलं अंगणात गेली की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून दहा-पंधरा मिनिटं आरपार वारा जाऊ द्यावा. एकाच भिंतीतली खिडकी कितीही मोठी असली तरी समोरून वाट नसेल तर हवा दारातल्या पाहुण्यासारखी तिथेच घुटमळते.

फ्रान्समध्ये पाळणाघरं आणि शाळांच्या हवेवर देखरेख ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०२३ पासून वायुवीजनाच्या वार्षिक तपासणीत कार्बन डायऑक्साइड मोजणंही आलं. यंत्र हातात मावेल एवढं असतं. घ्यायचं तर प्रकाशाने थेट वायू मोजणारं घ्यावं. त्याच्यावर ‘एनडीआयआर’ असं लिहिलेलं असतं. काही स्वस्त यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, इतर वाफांवरून अंदाज ठोकतात. जवळ हात निर्जंतुक करायचं द्रव ओतलं तरी त्यांचा आकडा उसळतो. आणि ठेवायचं मुलांच्या उंचीवर, खिडकीपासून लांब, कुणाच्या तोंडासमोर नाही.

पण हे यंत्रही एकच गोष्ट सांगतं. खोलीत रसायनांच्या वाफा आहेत की नाहीत याची त्याला काही खबर नसते. तिथे पुन्हा आपण नाकावर येतो, आणि इथे नाक नुसतं आळशी नसतं, फितूरही असतं. लिंबाचा, फुलांचा, पाइनचा वास आला की ‘स्वच्छ’ असं आपल्या डोक्यात वाजतं. स्वच्छतेला वास नसतो. वास येतोय म्हणजे कसले तरी रेणू हवेत तरंगतायत, एवढंच. लिंबासारख्या वासाचं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी संयोग पावतं तेव्हा फॉर्मल्डिहाइड नावाचा घातक वायू आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे दुर्गंध घालवायला मारलेला फवारा मूळ दुर्गंधापेक्षा वाईट ठरू शकतो.

कॅनडात बाळांच्या मोठ्या गटाचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या दोन हजारांवर मुलांबद्दलचा निष्कर्ष २०२० मध्ये आला: आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत ज्या घरांत सफाईची रसायनं जास्त वापरली जात होती, तिथल्या मुलांना तीन वर्षांचं होईपर्यंत दम्याचं निदान होण्याचं प्रमाण जास्त होतं. हा संबंध आहे, पुरावा नाही; जास्त सफाई करणाऱ्या घरांत आणखीही काही वेगळं असू शकतं. पण सावध व्हायला एवढं पुरे. शौचालय, कपडे बदलायची जागा, उलटी झालेली फरशी, इथे जंतुनाशक लागतंच, त्यात कंजुषी नको. खेळायच्या फरशीला साबणाचं पाणी पुष्कळ झालं. ब्लीच मात्र दुसऱ्या कशातही मिसळू नये. अमोनियात मिसळलं तर क्लोरामाइनची वाफ निघते, आम्लात मिसळलं तर क्लोरीन. शौचालय साफ करायची बरीच द्रवं आम्लाचीच असतात, आणि ‘दोन्ही टाकलं की दुप्पट स्वच्छ’ या हिशोबाने लोक हे करतात.

फॉर्मल्डिहाइडचं नाव वर आलंच आहे. भुसा किंवा लाकडाचे थर दाबून जे फळे बनवतात, त्यांना धरून ठेवणाऱ्या डिंकात ते असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. कमी प्रमाणात ते डोळे चुरचुरवतं, घसा खवखववतं. नव्या कपाटातून ते महिनोन्‌महिने निघत राहतं, सुरुवातीला सगळ्यात जास्त. आणि खोली जितकी गरम व दमट, तितकं भरभर. आता शाळा कशा वागतात बघा. सुट्टी संपत आली की शेवटच्या आठवड्यात भिंतींना रंग, नवं फर्निचर, नवी चटई. पहिल्या दिवशी सगळं कसं चकाचक, आणि खोलीत ‘नव्याचा वास’. तेच काम सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात उरकलं आणि उरलेला काळ कपाटांची दारं व खिडक्या उघड्या ठेवून खोली तापू-निवू दिली, तर खर्च तेवढाच होतो. जुनं, पण शाबूत असलेलं लाकडी टेबल मुलांच्या फुप्फुसांना नव्यापेक्षा बरं, हे ऐकून देणगीदार नाराज होतील खरे.

धुराबद्दल फार सांगायची गरज नसावी. बंद खोलीत काहीच जळता कामा नये. डास पळवायची एक कॉईल जळताना जेवढे बारीक कण निघतात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. निजलेल्या मुलांच्या उशाशी तीच लावतात, कारण धूर पातळ असतो आणि हेतू चांगला असतो. जाळी बसवावी, मच्छरदाणी लावावी. आणि धुराडं नसलेली शेगडी ऊब देते त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही देते, ज्याला वासच नाही. ती मुलांच्या खोलीत नकोच.

ओल मात्र थोडी थांबून बघण्यासारखी गोष्ट आहे, कारण ती रंगाखाली लपते. पाणी मुरलेल्या जागी एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. भिंतीला पोपडे दिसले की रंगारी बोलावतात. त्याने वरून हात मारला की काम झालं. चार-सहा महिन्यांनी तोच डाग तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर वेगळी मार्गदर्शिकाच काढली. ओलसर इमारतींत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा यांचा त्रास जास्त, हे तिचं सार. किती बुरशी चालेल असा आकडा तिने दिला नाही; ओल आटोक्यात आणा एवढंच सांगितलं. म्हणजे गळका नळ, छपराची चीर, भिंतीला टेकवलेलं कपाट. ते कपाट चार बोटं पुढे ओढून मागे बघितलं तर अनेकदा सगळा उलगडा होतो. हवेतला दमटपणा ४० ते ६० टक्क्यांत राहिला तर बरं; त्याच्या वर गाद्यांतल्या, कापडी खेळण्यांतल्या धूळ-किडींची चंगळ होते. कापडी खेळणी ढीगभर ठेवण्यापेक्षा मोजकी ठेवावीत आणि गरम पाण्यात धुवावीत.

आता खरा पेच. खिडक्या उघडा, उघडा म्हणतोय खरं, पण बाहेर काय आहे? बालवाडी रहदारीच्या रस्त्यावर असेल तर उघड्या खिडकीतून पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, आणि गाड्यांचा नायट्रोजन डायऑक्साइड आत येतो. केसाची जाडी ५० ते ७० मायक्रॉन असते, त्यावरून कल्पना करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि जगातली ९९ टक्के माणसं तिच्या मर्यादांहून वाईट हवेत राहतात. म्हणून हात टेकायचं कारण नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून मुलांच्या फुप्फुसांची वाढ मोजत होते. तिथली हवा जशी सुधारत गेली तशी नंतरच्या मुलांची फुप्फुसं आधीच्यांपेक्षा चांगली वाढली. २०१५ मध्ये हे छापून आलं. ही मुलं आपल्या मुलांपेक्षा मोठी, ११ ते १५ वर्षांची होती, पण दिशा स्पष्ट आहे: मर्यादेपर्यंत पोचलो नाही तरी जेवढं कमी तेवढा फायदा.

म्हणून रस्त्याच्या बाजूची खिडकी आणि मागच्या बाजूची खिडकी यांत फरक करायचा. रहदारीच्या ऐन वेळी पुढची बंद, मागची उघडी. गर्दी ओसरली की दोन्ही. मुलांना सोडायला-न्यायला येणाऱ्या गाड्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात, त्यांचा धूर खाली, मुलांच्या उंचीला सोडला जातो. इंजिन बंद करायला लावणं हा या सगळ्या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात भांडखोरही. पालक एरवी हवेच्या प्रदूषणावर तावातावाने बोलतात आणि गारवा हवा म्हणून स्वतःची गाडी घरघरत ठेवतात.

जिथे बाहेरची हवा खरोखरच वाईट आहे तिथे हवा शुद्ध करणारं यंत्र कामाचं. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडते. त्याहून बारीक कण निसटत असतील असं वाटतं, पण ०.३ हाच पकडायला सगळ्यात कठीण आकार. त्याहून बारीक कण हवेत वेडेवाकडे धडपडत असतात, ते गाळणीच्या धाग्यांवर आपोआप आदळतात. आपल्या १४४ घनमीटरच्या खोलीला तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ७०० घनमीटरच्या वर क्षमता लागेल. एक मोठं यंत्र पूर्ण वेगाने लावलं तर आवाजाने मुलं झोपत नाहीत आणि बाई ते बंद करतात, मग कोपऱ्यात ते शोभेला उरतं. दोन यंत्रं मंद वेगावर बरी. वायू मात्र हेपात अडकत नाहीत. कार्बन डायऑक्साइड तर नाहीच. म्हणजे यंत्र असलं तरी खिडकी लागतेच. ओझोन सोडून हवा ‘ताजी’ करणारी यंत्रं मुलांच्या खोलीत अजिबात आणू नयेत. ओझोन फुप्फुसांना त्रासच देतो.

कुंड्यांचं काय, असा प्रश्न येतोच. १९८९ मध्ये नासाने बंद पेट्यांत झाडं ठेवून केलेल्या प्रयोगापासून ही कल्पना जगभर पसरली. पण खोली म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा फेरहिशोब झाला. साध्या खोलीत आपोआप आत-बाहेर होणारी हवा जेवढी रसायनं घालवते तेवढी झाडांनी घालवायची तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारपर्यंत झाडं लागतील. झाडं ठेवा, मुलांना पाणी घालायला आवडतं. हवेसाठी ठेवू नका.

बालवाडी निवडायला गेलात तर दोन गोष्टी करून बघा. मधोमध फरशीवर मांडी घालून दोन मिनिटं बसा आणि उन्हाच्या पट्ट्यात किती धूळ तरंगतेय ते बघा. निजायच्या वेळी जाता आलं तर उत्तमच, आणि बाहेरून आल्याबरोबर पहिल्या दोन-तीन श्वासांत काय जाणवतं ते लक्षात ठेवा, नंतर नाक काही सांगणार नाही. मग उठून खिडकी उघडून बघा. नुसती आहे का बघू नका, उघडा. कित्येक खिडक्या रंगाने चिकटलेल्या असतात, काहींच्या पुढे खेळण्यांचं कपाट उभं असतं, काहींच्या काचांवर अक्षरांचा तक्ता कायमचा डकवलेला असतो. मुलं पडू नयेत म्हणून खिडकी साधारण दहा सेंटिमीटरहून जास्त उघडू न देणारी अडकण असावी, ती असली तर चांगलंच. समोरासमोर दोन खिडक्या तेवढ्या फटीनेही उघड्या राहिल्या तर दुपारच्या झोपेत आकडा पुष्कळ खाली राहतो. कडी जाम असेल तर तेल कधी घालणार, एवढं विचारून या.